उपग्रहमापन आणि कबड्डीचे क्रीडांगण

सांघिक खेळात खेळाडू किती व कोणत्या वेगाने धावला, हे पूर्वी प्रशिक्षकाच्या नजरेवर सोपविलेले असे. आता दोन खांद्यांच्या मध्ये, पाठीवर घट्ट बसविलेले लहानसे यंत्र ते नोंदविते. निदान चार उपग्रहांचे संकेत पोहोचण्यास लागलेल्या वेळावरून त्याचे स्थान निघते. वेग मात्र बहुधा संकेताच्या कंप्रतेतील बदलावरून, म्हणजे डॉप्लर परिणामाच्या आधारे, काढला जातो. सेकंदाला दहा नोंदी ही आता नित्याची गोष्ट होय. हॉकीच्या 91.40 मीटर लांबीच्या मोकळ्या मैदानावर ही रीत चांगली चालते.

चेन्नईतील अण्णा नगरसारख्या दाट वस्तीत मात्र संकेत इमारतींवरून परावर्तित होऊन येतात आणि स्थान काही मीटरांनीही चुकू शकते. तमिळनाडूत सडुगुडु व महाराष्ट्रात हुतूतू म्हणून वाढलेल्या कबड्डीला एवढी चूक परवडत नाही. पुरुषांचे क्रीडांगण अवघे 13 मीटर लांब व 10 मीटर रुंद. शिवाय मोठे सामने छपराखाली, जेथे उपग्रहाचा संकेत नीट पोहोचतच नाही. तेथे त्वरणमापक किंवा कॅमेरे हाच आधार.

याहून अवघड प्रश्न श्रम कशाला म्हणावे, हा आहे. चढाईच्या 30 सेकंदांत अंतर थोडेच कापले जाते. परंतु टिकविलेला दम, अकस्मात घेतलेले वळण, चौघांच्या पकडीतून मध्यरेषेपर्यंत ओढत नेलेले शरीर, यांना किलोमीटरचे माप लागू पडत नाही. कोपरा राखणारा तर कित्येक क्षण जागचा हलतही नाही, आणि पकडीचा प्रारंभ पुष्कळदा त्याच्याच हातून होतो. केवळ कापलेल्या अंतरावर निवड झाली, तर आळशी ठरून संघाबाहेर राहील तो हाच.