आपल्या शेजारचे खेडे

मुलांनो, ‘तुमचे गाव कोणते?’ असे आजोबांनी विचारले की तुमच्यापैकी बरेच जण ब्लॉकचा नंबर सांगतात! म्हणून या वेळी आपण एका खऱ्याखुऱ्या खेड्याची माहिती घेऊ. गंमत म्हणजे ते सिंगापूरमध्येच आहे.

त्याचे नाव काम्पोंग लोरोंग बुआंगकोक. मलय भाषेत ‘काम्पोंग’ म्हणजे खेडे आणि ‘लोरोंग’ म्हणजे गल्ली. सिंगापूरच्या मुख्य बेटावर उरलेले हे शेवटचे खेडे. १९५६ साली एका चिनी औषधविक्रेत्याने ही जमीन विकत घेतली. तिथे मलय आणि चिनी कुटुंबे भाड्याने राहू लागली. जागा सुमारे तीन एकर, घरे बैठी, छपरे पत्र्याची. आज तिथे पंचवीसेक कुटुंबे राहतात.

या खेड्याला एक टोपणनाव आहे, ‘सेलाक काइन’. त्याचा अर्थ, नेसूचे वस्त्र वर उचलणे. जमीन सखल असल्याने मोठा पाऊस झाला की पाणी भरायचे आणि लोकांना वस्त्र वर धरून चालावे लागायचे. पाहा, दोन शब्दांत केवढा इतिहास!

नावे अशीच बोलतात. काम्पोंग ग्लाम हे नाव गेलाम झाडावरून पडले. त्याची साल होड्यांच्या फटी बुजवायला वापरत. आपल्याकडे नाही का पिंपळावरून पिंपळगाव आणि वडावरून वडगाव?

१९६० साली गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले. उंच इमारती उभ्या राहिल्या, नळ आणि वीज घरोघरी आली आणि एकेक खेडे उठले. २०१४ च्या आराखड्यात या खेड्याच्या जागीही शाळा आणि रस्ता दाखवला आहे. नजीकच्या काळात तसे करण्याचा विचार नाही, असे सरकारने २०१७ मध्ये सांगितले. पण गाव उठले तरी त्याची गोष्ट उठू नये. ती सांगणारे आणि विचारणारे मात्र हवेत.

तिथे गेलात तर लक्षात ठेवा, ते प्रदर्शन नाही, लोकांची घरे आहेत. न विचारता फोटो काढू नका.

शब्दार्थ : सखल – आजूबाजूपेक्षा खोल. बैठे घर – एकमजली घर.

स्वाध्याय : आजी-आजोबांना फोन करा. आपल्या गावाचे नाव कशावरून पडले ते विचारा आणि पाच ओळी लिहून आणा. पालकांनो, उत्तर तुम्हालाही ठाऊक नसेल, तर फोनजवळ तुम्हीही बसा!