बारवीकाठचा ममोला

डिसेंबरचा पहिला रविवार होता. सातवीच्या मुलांना घेऊन मी अंबरनाथहून लोकलने बदलापूरला गेलो. तेथून टेम्पोने आम्ही बारवी धरणाच्या खालच्या बाजूला, नदीकाठी पोहोचलो. या धरणाचे पाणी अंबरनाथ-उल्हासनगरच्या कारखान्यांना आणि घरांनाही मिळते. मी हे सांगत होतो. पण मुलांचे लक्ष डब्यांकडे होते.

इतक्यात दगडांवर एक लहानसा पक्षी तुरुतुरु पळताना दिसला. तोंड पांढरे, पाठ राखी, छातीवर काळा पट्टा. तो थांबला की त्याची शेपटी वर-खाली हाले.

"हाच तुमचा ममोला," मी म्हणालो. इक्बालांच्या कवितेमुळे नाव सर्वांना माहीत होते, पक्षी मात्र कोणालाच नाही! "मराठीत याला परीट किंवा धोबी म्हणतात. का बरे?"

"सर, तो शेपटी कपड्यांसारखी आपटतो!"

वजन जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम. उन्हाळ्यात हे पक्षी हिमालयात, मध्य आशियात, सायबेरियात घरटी करतात. तिकडे बर्फ पडू लागले, की किडे मिळेनासे होतात. मग ते दक्षिणेकडे निघतात. ना नकाशा, ना सोबत शिदोरी! सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ते आपल्याकडे येतात. तारांवर ओळीने बसणाऱ्या माळभिंगऱ्या आणि पाण्याकाठचा तुतवारही असेच पाहुणे. खंड्या मात्र बारमाही इथलाच.

मागे एका मुलाने खिशातून गलोल काढली होती. मी रागावलो नाही. त्याला जवळ बसवून सलीम अलींची गोष्ट सांगितली. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती, हे विचारायला ते मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले. तेथे मिलर्डसाहेबांनी कपाटे उघडून त्यांना पेंढा भरलेले कितीतरी पक्षी दाखवले. पुढे तो मुलगा जगप्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ झाला.

"त्यांनी मारली, म्हणून तर कळले ना, सर?" मुलगा म्हणाला. प्रश्न खरा होता.

"तेव्हा दुर्बिणी फार थोड्यांकडे होत्या," मी म्हणालो आणि माझी दुर्बीण त्याला दिली. मग ती परत मिळवायला मला अर्धा तास लागला!

संध्याकाळी अंबरनाथला परतलो. वालधुनीच्या पुलावर नेहमीचा उग्र वास आला. मुलांनी नाकाला रुमाल लावले. तोच मुलगा कठड्याशी थांबला. खाली काळ्या पाण्याच्या कडेला, प्लॅस्टिकच्या पिशव्यांमध्ये, एक परीट किडे टिपत होता.

"सर, एवढ्या लांबून हा इथे आला?" त्याने हळूच विचारले.