काचेवरचे पेकिंग

इ. स. १८६०च्या तहानंतर चीनचा अंतर्भाग परकीयांना खुला झाला. व्यापारी आले, धर्मोपदेशक आले. त्यांच्या मागोमाग जॉन थॉमसन नावाचा एक स्कॉटिश छायाचित्रकारही आला. १८६८ मध्ये त्याने हाँगकाँगला चित्रशाळा थाटली आणि १८७१ मध्ये तो पेकिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला, पोहोचला.

त्या काळी छायाचित्र घेणे म्हणजे नुसती कळ दाबणे नव्हे. काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्रव पसरावयाचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावयाची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची. काच वाळली की सारे श्रम वाया! म्हणून काळोख्या खोलीचे काम देणारा तंबू, काचा, रसायनांच्या बाटल्या असा सगळा संसार हमालांकरवी बरोबर न्यावा लागे. चित्र उमटावयास काही सेकंद लागत व तोवर हलता येत नसे. या चित्रांतील माणसे विलक्षण गंभीर वाटतात, त्याचे एक कारण हेच.

मेंढीच्या कातड्याचा अंगरखा ल्यालेला तो रात्रीचा पहारेकरी पाहा. पेकिंगचा हिवाळा किती कडक असेल, हे त्या अंगरख्यावरूनच उमगते. केसांची भव्य रचना केलेल्या मांचू स्त्रिया आहेत, रस्त्यावरचे फेरीवाले आहेत. पुरुषांच्या कपाळावरचे केस तासलेले असून पाठीवर लांब वेणी रुळते. ही वेणी मांचू राज्यकर्त्यांनी १६४५ मध्ये हुकमाने लादली होती. प्रारंभी तिच्यापायी रक्त सांडले; पुढे ती अंगवळणी पडली आणि १९११च्या क्रांतीनंतर गेली.

हे यंत्र माणसाचे प्राण शोषून घेते, अशी अनेकांची समजूत होती. काही ठिकाणी थॉमसनवर दगडही आले. या भीतीला नुसते अज्ञान म्हणून हसणे बरे नव्हे. अवघ्या अकरा वर्षांपूर्वी इंग्रज व फ्रेंच सैन्याने पेकिंगजवळचा उन्हाळी राजवाडा लुटला होता, आणि इंग्रजांनी तो जाळला होता. परक्याच्या हातातील यंत्राकडे तेथील लोकांनी निःशंकपणे कसे पाहावे?

१८७३-७४ मध्ये लंडनला थॉमसनचा चार खंडांचा ग्रंथ निघाला. त्यात दोनशे छायाचित्रे होती. त्याच्या मूळ काचा आज लंडनमधील वेलकम संग्रहात आहेत. राजपुत्र कुंगच्या चित्राला त्याचे नाव आहे. फेरीवाल्यांची ओळख मात्र केवळ त्यांच्या धंद्यावरून पटते.