माथेरानचा बेत: शेवटच्या टप्प्यापासून मागे

डोंगरातील छोट्या रेल्वेसहलीची आखणी घरापासून पुढे न करता शेवटच्या टप्प्यापासून मागे करत यावी, हे गंगापूर परिसरातून माथेरानला जाऊन आलेल्यांच्या अनुभवाचे सार आहे. गंगापूर शहरात रेल्वे नाही. तालुक्यातील लासूर स्टेशन मनमाड-सिकंदराबाद मार्गावर असले, तरी प्रत्येक जलद गाडी तेथे थांबतेच असे नाही, त्यामुळे प्रवाशाचे सारे लक्ष मुंबईकडील आरक्षणात गुंतते आणि डोंगर चढणाऱ्या गाडीचा विचार, ती जेथून सुटते त्या नेरळच्या फलाटावर होतो.

बेत फसतो तो इथेच. १९०७ मध्ये सुरू झालेला नेरळ-माथेरान मार्ग नॅरोगेज, म्हणजे दोन रुळांत केवळ दोन फूट अंतर असलेला, आहे. अरुंद रूळ तीव्र वळणे घेऊ शकतात, परंतु त्यामुळेच डबे लहान, आसने मोजकी आणि वेग इतका कमी राहतो की सुमारे वीस किलोमीटरांना दोन तासांहून अधिक वेळ लागतो. दिवसातील फेऱ्या थोड्या असल्याने सकाळची गाडी चुकली, की निम्मी सहल संपते. शिवाय दरडी कोसळण्याच्या भीतीने साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नेरळहून ही सेवा बंद असते आणि अमन लॉज स्थानक ते माथेरान एवढीच शटल, म्हणजे कमी अंतराची ये-जा करणारी गाडी, चालते. जपानमधील कुरोबे दरीची जवळपास तितक्याच लांबीची रेल्वे हिवाळ्यात बर्फामुळे थांबते. तेव्हा ऋतू पाहूनच दिवस ठरवणे हा डोंगरी रेल्वेचा सर्वत्र लागू पडणारा नियम आहे.

नेरळची वेळ निश्चित झाल्यावर मागचे टप्पे जुळवावेत. लासूरकडील गाडी इगतपुरी-कसारा घाट उतरून कल्याणला येते. मुंबईपर्यंत न जाता तेथेच उतरून कर्जत किंवा खोपोली लोकल धरावी, कारण नेरळ त्या फाट्यावर आहे. लासूरहून मनमाडपर्यंतचा मार्ग दीर्घकाळ एकेरी राहिल्याने समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी थांबणे, ज्याला क्रॉसिंग म्हणतात, तेथे नेहमीचेच झाले. म्हणून आदल्या दिवशी निघून नेरळ किंवा कल्याणला मुक्काम करणे शहाणपणाचे ठरते.

नेरळच्या छोट्या गाडीत जागा न मिळाल्यास टॅक्सीने अमन लॉजजवळच्या दस्तुरी नाक्यापर्यंत जाता येते, मात्र माथेरानमध्ये खासगी मोटारींना बंदी असल्याने पुढे शटल, घोडा किंवा पायपीट असे पर्याय उरतात. सामान त्या हिशेबाने बांधावे. परतीची गाडी लासूरला रात्री उशिरा पोहोचणार असेल, तर गंगापूरकडे जाणारी एसटी वा काळी-पिवळी मिळेल असे गृहीत न धरता वाहन आधीच ठरवावे, कारण परतीचा शेवटचा टप्पा डोंगरात नसला, तरी सर्वांत दुर्लक्षित तोच राहतो.