नाव धुऊन घे, पण पुसू नकोस

परवा फोनवर म्हणालीस, “मावशी, युजरनेम देवनागरीत घ्यायचंय, त्यात काय एवढं?” अगं, या वाटेवरचा एकेक खड्डा मी पडून मोजलाय. बस जरा, सांगते.

१. नावावरून भाषा ओळखायला जाऊ नकोस, भाषेचा टॅग वेगळ्या रकान्यात ठेव – ‘कमल’ मराठीतही चालतं नि हिंदीतही. २०१४ साली आलेलं ‘.भारत’ मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी सगळ्यांना एकच आहे. अक्षरं लिपी सांगतात, भाषा नाही.

२. नाव साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा एनएफसी, म्हणजे युनिकोडच्या ठरलेल्या एकसंध रूपात आण – ‘ऱ’ कुणाकडून एकच अक्षर म्हणून येतो, तर कुणाकडून ‘र’ आणि नुक्ता असा सुटा. उंबऱ्यावर पाय धुतले की घर पुसत बसावं लागत नाही.

३. एनएफसी केलं म्हणून निर्धास्त होऊ नकोस – २००८ साली युनिकोडमध्ये आलेला ‘ॲ’ आणि ‘अ’वर चंद्र देऊन केलेला ‘अॅ’ त्यानंतरही वेगळेच राहतात, त्यांचा नियम तुलाच लिहावा लागेल. दिसतं सारखं, असतं पारखं!

४. न दिसणारी चिन्हं सरसकट काढून टाकू नकोस – काही कीबोर्ड ‘दऱ्या’ लिहिताना ‘र’, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर वापरतात. जॉइनर गेला की डोंगरातल्या दऱ्यांचा ‘दर्या’ होतो. त्यापेक्षा ते रूप ‘ऱ’कडे वळव.

५. इंग्रजी अक्षरं लहान-मोठी करताना यंत्राच्या लोकेलवर, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवर, विसंबू नकोस, युनिकोडचं केस फोल्डिंग वापर – तुर्कीत बिंदूवाला ‘आय’ मोठा झाला तरी बिंदू सोडत नाही. माझा प्रोग्रॅम तिथल्या लोकेलवर अडला, तेव्हा हे मला रात्रभर जागून कळलं.

६. यादी लोकेलप्रमाणे लाव, ओळख मात्र लोकेलवर सोडू नकोस – मराठीत ‘ळ’ ‘ह’नंतर येतो, इतरत्र ‘ल’शेजारी बसतो. पंगतीत जागा बदलली म्हणून पाहुणा बदलत नाही.

७. लांबी डोळ्यांनी मोजू नकोस – ‘क्षि’ दिसते एक, पण तिच्यात चार कोडपॉइंट आणि यूटीएफ-८चे बारा बाइट असतात. डोमेनच्या एका भागाला तर पनीकोड, म्हणजे इंग्रजी अक्षरांतलं रूप, केल्यावर ६३ बाइटांतच मावावं लागतं.

८. एका नावात दोन लिप्यांची खिचडी होऊ देऊ नकोस – रशियन लिपीतला ‘अ’ आणि इंग्रजी ‘ए’ लहान लिपीत हुबेहूब दिसतात, आणि तोतया तिथूनच आत शिरतो.

९. धुतलेलं रूप तुलनेपुरतं ठेव, पडद्यावर मात्र माणसानं लिहिलं तसंच नाव दाखव – नाव त्याचं आहे, आपण त्याचे राखणदार.