मुचलक्याची जबाबदारी

शेताच्या धुऱ्यावरून झालेल्या भांडणात माझ्या हातून चुलतभावाचा हात मोडला, अपराध शाबीत झाला, आणि तरीही पहिलाच गुन्हा व तरुण वय ध्यानी घेऊन न्यायालयाने मला तुरुंगात न धाडता 1958 च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाच्या कलम 4 अन्वये दोन वर्षांच्या मुचलक्यावर सोडले, तेव्हा पांढरकवड्याहून गावी परतताना प्रकरण कायमचे मिटले अशीच माझी समजूत झाली होती. दरमहा परिवीक्षा अधिकाऱ्यांपुढे हजेरी द्यावी, परवानगीवाचून गाव सोडू नये, शांततेने वागावे, या अटींखाली माझी सही होती. आणि जामीनदार म्हणून मामांचीही.

2017 साली गुलाबी बोंडअळीने यवतमाळ जिल्ह्यातील कपाशी पोखरली, त्यात माझीही गेली. आणि घरात दाणा उरला नाही म्हणून कोणासही इत्तला न देता मी पैनगंगा ओलांडून आदिलाबादेकडे मजुरीस गेलो. तीन हजेऱ्या चुकल्या. ‘फार तर पन्नास रुपये दंड होईल’ असे गावात कोणी म्हणाले, त्यावर मी विसंबलो. परतलो तो समन्स आलेले, माझ्या नावे आणि मामांच्याही नावे. सत्तरी ओलांडलेले मामा न्यायालयाच्या ओसरीत काठी टेकून बसले होते, मला पाहून एवढेच म्हणाले, “सांगून तं जायचं होतं, बाबू.”

विधी सेवा समितीने विनाशुल्क दिलेल्या वकीलसाहेबांनी कलम 9 समजावले, तेव्हा माझे पाय लटपटले. अटींचा भंग झाल्याची न्यायालयाची खात्री पटली, तर मूळ अपराधाची शिक्षा तत्काळ ठोठावता येते. कसूर पहिलीच असेल तर मुचलका कायम ठेवून पन्नास रुपयांपर्यंत दंड करणे ही न्यायालयाची मर्जी, आरोपीचा हक्क नव्हे. आणि तो दंडही मुदतीत न भरल्यास पुन्हा मूळ शिक्षा ठोठावता येते. शिवाय कलम 12 मुळे दोषसिद्धीची अपात्रता टळते खरी, परंतु मागाहून शिक्षा झाली की ते संरक्षणही जाते.

आम्ही काही लपविले नाही. मुकादमाचा मजुरीचा हिशेब, पीक बुडाल्याचा पंचनामा आणि मधल्या काळात दुसरा गुन्हा घडला नसल्याचे निवेदन जोडून कैफियत दिली. न्यायालयाने दंडावर भागविले.

म्हणून माझ्यासारख्या मुचलक्यावर सुटलेल्यांना कळकळीने सांगतो: अटी वकिलाकडून मराठीत वाचून घ्या व हुकुमाची नक्कल घरी ठेवा. पोटासाठी गाव सोडणे भाग पडले, तर निघण्यापूर्वी परिवीक्षा अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या. त्यांच्या अर्जावरून न्यायालय कलम 8 अन्वये अटी बदलू शकते. समन्स आले तर पळू नका. नेमल्या तारखेस हजर व्हा, कारण सुनावणीपर्यंत जामीन देणे वा कोठडीत ठेवणे न्यायालयाच्या हाती असते. वकील लावण्याची ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. आणि जामीनदाराला अंधारात ठेवू नका.

मुदत पुरी झाली त्या दिवशी मी आधी मामांच्या घरी गेलो, मग माझ्या.