संगणकाचा वेग आणि पेरणीचा निर्णय

मृगाच्या सरी कोसळल्या की परभणी जिल्ह्यातील शेतकरी सोयाबीन व कापसाच्या पेरणीस लागतो. त्यानंतर पावसाने ओढ दिली तर दुबार पेरणीचा खर्च त्याच्या माथी बसतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दिल्या जाणाऱ्या हवामान सल्ल्याचे मोल अशा वेळी कळते. या सल्ल्याला आधार असतो तो संगणकाने मांडलेल्या गणिताचा. म्हणून संगणकाची कार्यक्षमता कशात असते, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

प्रोसेसर हा संगणकाचा गणन करणारा भाग होय. त्याचे ठोके गिगाहर्ट्‌झमध्ये मोजतात. १ गिगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला १०० कोटी ठोके. परंतु प्रत्येक ठोक्यात किती काम उरकते, हेही तितकेच महत्त्वाचे. तिफण वेगाने चालली, पण चाड्यात बियाणे वेळेवर पडले नाही, तर तास रिकामे जाते. तद्वतच स्मृतिकोशातून माहिती वेळेवर न आल्यास प्रोसेसर ताटकळतो.

दुसरा प्रश्न विजेचा. ठोके वाढविण्यासाठी विद्युतदाब वाढवावा लागतो. दाब दुप्पट केला तर तेवढ्याच ठोक्यांना सुमारे चौपट वीज लागते आणि तिची उष्णता होते. त्यामुळे २००५ च्या सुमारास ठोक्यांची शर्यत मंदावली व एकाच चिपवर अनेक गणनकेंद्रे, म्हणजे ‘कोअर’, बसविण्यात येऊ लागली. काम वाटून घेण्याचे हे तत्त्व महाराष्ट्राला नवे नव्हते. पुण्याच्या ‘सी-डॅक’ने १९९१ मध्ये सिद्ध केलेला ‘परम ८०००’ महासंगणक अनेक प्रोसेसरांच्या सहकार्यावरच उभा होता.

पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये ४ पेटाफ्लॉप क्षमतेचा ‘प्रत्युष’ आणि २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा ‘अर्का’ कार्यान्वित झाला. १ पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला १००० लाख कोटी गणिते. एवढी क्षमता कशासाठी? अंदाजाचा चौकोन १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आणला की चौकोन चौपट होतात, कालाचे टप्पेही निम्मे करावे लागतात. एकंदर गणित सुमारे आठपट वाढते. ६ किलोमीटरची अशी ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ मे २०२५ मध्ये सुरू झाली.

अर्थात, पर्जन्यमापकाची नोंदच चुकीची असेल तर महासंगणकही हतबल ठरतो. आणि पाऊस पडून गेल्यावर हाती आलेला अंदाज निरुपयोगीच. तेव्हा शाळेसाठी, ग्रामपंचायतीसाठी वा घरासाठी संगणक घेतानाही केवळ ठोक्यांचा आकडा पाहू नये. आपले काम किती वेळात व किती विजेत होते, हीच कार्यक्षमतेची खरी कसोटी होय.